चपलांच्या कपाटातला फोन

मॅडमनी माझ्या हातातून फोन घेतला. मागितला नाही. घेतला.

गंगापूर रोडला सातव्या मजल्यावरचं ते घर. तिथं मी आजोबांना सांभाळायचे. आजोबा म्हणजे मॅडमचे सासरे. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली, बोलणं तुटकं. पेशंटसाठी बायका देणाऱ्या ब्युरोमार्फत लागलेलं काम, दिवसपाळीचं. त्या सकाळी मी त्यांना व्हीलचेअरवर बसवून गॅलरीतल्या उन्हात नेत होते. ब्रेक लावायला वाकले आणि खिशातला फोन घसरून फरशीवर पडला. उचलून पुसत होते, तेवढ्यात मॅडम आल्या.

हॉलमध्ये त्यांच्या दोन मैत्रिणी चहा घेत बसल्या होत्या.

मॅडमनी फोन उलटा केला, सुलटा केला. मागचे कॅमेरे बघितले.

"हा कुणाचा?"

"माझा."

"तुझा म्हणजे? तू घेतलास?"

"हो मॅडम."

त्या मैत्रिणींकडे वळल्या. भाजीवाला वांगं दाखवतो तसा फोन वर धरला. "बघा गं. आमच्या पेशंटवालीचा फोन. माझासुद्धा इतका भारी नाही."

तिघी हसल्या. मोठ्यानं नाही. चांगल्या घरातलं हसू, ओठ न उघडता.

एक मैत्रीण म्हणाली, "घेणारच ना. रेशन फुकट, पोरांची फी माफ. पैसे उरतात यांचे."

यांचे. हा शब्द मी लहानपणापासून ओळखते. जात त्यात पुरती असते, फक्त तिचं नाव घेतलेलं नसतं. मी कुठल्या वस्तीतून येते, माझ्या दारावरचा झेंडा कुठल्या रंगाचा, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी गोड बोलून काढून घेतलं होतं. मैत्रिणींपर्यंतही पोचलं होतं.

मॅडम माझ्याकडे वळल्या. आवाज समजुतीचा. कॉलेजात शिकवतात त्या, समजावून सांगायची सवय आहे. "मागच्या महिन्यात पगार वाढवून मागत होतीस. आणि हातात हे. तुमच्या लोकांचं इथंच चुकतं बघ. आधी गरज बघावी, मग शौक."

मी आजोबांची शाल सारखी केली.

"उद्यापासून फोन आत आणायचा नाही. दाराशी चपलांचं कपाट आहे, त्यात ठेवायचा. जाताना घ्यायचा. रेखालाही सांग."

रेखा म्हणजे त्यांच्याकडे भांडी घासणारी. ती स्वयंपाकघरातून ऐकत होती. नळ बंद करून.

"बरं मॅडम," मी म्हणाले. काम सोडणं परवडत नव्हतं. आजोबांनी डाव्या हातानं माझी बाही ओढली, ऊन सरकलं म्हणून. मी खुर्ची उन्हात ढकलली. डोळ्यांतलं पाणी त्यांना दिसलं असेल. त्यांनी दुसरीकडे बघितलं. तेवढी माणुसकी त्या अर्ध्या माणसात होती.

मॅडमना वाटलं, मी एक दिवस उठले आणि फोन घेऊन आले. एवढा महाग फोन घ्यावा का, यावर आमच्या घरात किती दिवस खल चालला होता, ते त्यांना कुणी सांगायचं?

माझी आई जन्मापासून बहिरी. म्हणून बोलणंही नाही. येवल्यात सगळे तिला मुकी म्हणायचे. तिचं नाव रेशनकार्डावर होतं, कुणाच्या तोंडात नव्हतं. मी मुकीची पोर. बाप मी लहान असतानाच गेला. एका पैठणीवाल्याच्या घरी आई कांड्या भरायची, म्हणजे विणकराला लागणारा रेशमी धागा कांडीवर गुंडाळून द्यायची. मागाचा खटखटाट तिनं कधी ऐकला नाही. लाकडावर तळवा ठेवायची आणि माग चालू आहे की थांबला ते सांगायची.

आमची भाषा हातांची. ती कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. आम्ही दोघींनी चुलीपुढं बसून केलेली. माझं नाव म्हणजे हनुवटीवरच्या तिळाला लावलेलं बोट. भूक म्हणजे पोटावर मूठ. ये किंवा येते म्हणायचं तर हात छातीकडे ओढायचा. येऊ नको किंवा येत नाही म्हणायचं तरी तोच हात, तसाच ओढायचा, फक्त शेवटी मनगट वळवून पालथा करायचा. बाहेरच्याला दोन्ही सारखंच दिसायचं. आम्हाला नाही. मी बोलायला लागले तोंडानं, पण भांडायला, रडायला, लाड करून घ्यायला हातांनीच शिकले.

लग्न होऊन सातपूरला आले आणि माझी भाषाच बंद पडली. शेजारच्या मुली सकाळ-संध्याकाळ आईला फोन लावायच्या. मी कुणाला लावणार? दोन-तीन महिन्यांनी एसटीनं येवल्याला जायचं, पोटभर बोलून यायचं, पुन्हा मुकं व्हायचं.

मग व्हिडिओ कॉल आला. नवऱ्यानं मला साधा फोन घेऊन दिला. आईच्या शेजारच्या सुमनमावशीच्या पोरानं त्याचा जुना मोठा फोन आईला दिला. मी त्यावर पहिल्या पानावर माझा फोटो लावला. फोटोवर बोट ठेवलं की मला कॉल लागणार. आईनं पहिल्यांदा बोट ठेवलं आणि मी त्या काचेत आले, तेव्हा तिनं फोन उलटा करून मागं बघितलं होतं.

पण माझ्या फोनचा कॅमेरा हलका. आईकडून चित्र बरं यायचं, तिचा फोन बरा होता, दारात बसायची, उजेड असायचा. माझी खोली अंधारी. ट्यूब लावून बघितली. हात स्थिर असला तर दिसायचा, हलला की धूर. आणि आमच्या भाषेत हात हलल्याशिवाय शब्दच होत नाही. त्यात आईला साखरेचा आजार, नजर उतरलेली. मी सांगायचे आणि ती मान हलवायची. मला वाटायचं, समजतंय तिला.

एकदा मी तिला सांगितलं, या रविवारी येऊ नाही शकत, पेशंट आजारी आहे. तिनं मान हलवली, हसली. त्या रविवारी संध्याकाळी सुमनमावशीचा फोन आला.

"पोरी, तू येणार व्हतीस का? तुझी आय सकाळधरनं स्टँडावर बसलीया. लय सांगितलं, उठंना. डब्यात भाकरी बांधून नेली तिनं."

मनगट वळवलेलं तिला दिसलं नव्हतं. धुरातून तिला फक्त येते दिसलं होतं. किती वेळा अशी मान हलवली असेल तिनं? न समजताच? मला वाईट वाटू नये म्हणून?

त्याच सुमारास माझी भिशी लागली. आम्ही वस्तीतल्या बायका दर महिन्याला थोडे थोडे टाकतो, एकेकीचा नंबर लागतो. ते पैसे फ्रीजसाठी ठरलेले होते. उन्हाळ्यात दूध नासतं, भाजी सडते. नवरा सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहे, दिवसभर तापलेल्या पत्र्याखाली उभा. घरी आल्यावर गार पाणी मागतो. त्याला काय सांगायचं? फ्रीज नको, फोन हवा?

सांगितलं. त्यानं तांब्यातलं कोमट पाणी संपवलं. मग म्हणाला, "एवढ्या महागाचा कशाला? मधला बघ ना एखादा."

"बघितले. मैत्रिणींचे सगळे वापरून बघितले. हात हलला की पुसट होतो."

"वर हप्ते बसतील."

"बसतील."

पुढचे कितीतरी दिवस आम्ही यावरच बोलत होतो. जेवताना. पाणी भरताना. एक दिवस घ्यायचा ठरवायचे, दुसऱ्या दिवशी माझी मलाच लाज वाटायची. पोरीला नवं दप्तर नाही आणि आईला बोटं दिसावीत म्हणून एवढा पैसा? श्रीमंत माणूस फोन घेताना रंग बघतो. आम्ही आमची लायकी बघत होतो.

शेवटी नवराच म्हणाला, "दुकानात जाऊन तर बघू. दिसतं का नाय ते कळंल."

दुकानातल्या पोरानं आम्हाला दारातूनच डावीकडच्या काउंटरकडे वळवलं. स्वस्तातले तिकडे होते. मी म्हणाले, तो नको, तो. काचेतला. त्यानं माझ्या चपलांकडे बघितलं. मी म्हणाले, माझं सिम टाकून एक कॉल लावू द्या. तो नाही म्हणाला. नवरा तिथंच उभा राहिला, हलला नाही. शेवटी पोरगा वैतागून हो म्हणाला.

मी मुद्दाम दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गेले. आईला कॉल लावला. आई आली. मी हात हलवले. जेवलीस का, एवढंच विचारलं.

आईनं चेहरा काचेजवळ आणला. आणखी जवळ. माझ्या हाताकडे बघत राहिली. मग तिचे हात हलायला लागले. हा डाग कसला? भाजलं का? कधी?

मनगटावर तव्याचा चटका होता. जुना. मी विसरूनही गेले होते. वर्षभर मी आईशी रोज बोलले होते आणि तो तिला दिसला नव्हता. आज दिसला.

मी तिथंच भिंतीला टेकून रडले. दुकानातली माणसं बघत होती. नवरा काउंटरला जाऊन म्हणाला, "हा पॅक करा."

एवढाच आमचा शौक.

त्यानंतरचे थोडे दिवस मला माझी आई परत मिळाली. दुपारी आजोबा झोपले की मी गॅलरीत उभी राहायचे आणि आम्ही बोलायचो. ती मागावर चढलेली नवी साडी दाखवायची, मोरपंखी काठ. विणकराच्या बायकोच्या नकला करायची. मला म्हणायची, बारीक झालीस. खरंच झाले होते. तिला दिसत होतं.

मग ती सकाळ आली. फोन फरशीवर पडला आणि कपाटात गेला.

मी आईला सांगितलं, दिवसा कॉल करू नको. तिनं विचारलं, का? मी म्हणाले, काम. चपलांच्या कपाटासाठी आमच्याकडे खूण नव्हती. असती तरी केली नसती.

नियम मोठ्यांचे असतात, आजारपण कुणाला विचारून येत नाही.

एका दुपारी मी आजोबांना पेज भरवत होते. चमच्यानं, थोडी थोडी, नाहीतर ठसका लागतो. घर शांत होतं. पंख्याचा आवाज तेवढा. त्या वेळी माझी आई येवल्याला भिंतीला टेकून बसली होती आणि माझ्या फोटोवर बोट ठेवत होती.

हे मला नंतर कळलं.

ड्युटी संपल्यावर मी कपाट उघडलं. मॅडमचे बूट, सरांचे बूट, रेखाच्या फाटक्या स्लीपर आणि त्यात माझा फोन. आवाज बंद ठेवायचा नियम होता. पडद्यावर आईचे कॉल एकाखाली एक. खाली सुमनमावशीचे.

मी जिन्यातच बसले. आईला कॉल लावला. उचलला गेला. पडद्यावर सुमनमावशी होती. तिनं तोंड उघडलं आणि आवाज आला.

आईच्या फोनवरून त्या दिवशी मला पहिल्यांदा आवाज ऐकू आला. तेव्हाच समजलं.

"गेली गं पोरी. दवाखान्यात नेता नेता गेली."

येवल्याला पोचले तेव्हा आईला भिंतीशी निजवलेलं होतं. हात छातीवर. मी आधी ते हात बघितले. गप्प.

सुमनमावशीनं सांगितलं ते असं. ती ताक द्यायला म्हणून आली होती. आई घामानं भिजलेली. फोन कळशीला टेकवून ठेवलेला. फोनमध्ये रिंग वाजत होती. कॉल लागत असताना पडद्यावर आपलाच चेहरा दिसतो, तसा आईचाच चेहरा दिसत होता. आणि आई त्याच्याकडे बघून हात हलवत होती.

"तिला वाटलं आसंल तू बघतीया," मावशी म्हणाली. "लय बोलली गं. रिंग बंद व्हायची, पुन्हा बोट ठेवायची, पुन्हा बोलायची."

"काय बोलली?"

"मला काय कळतंय? मला तुमचं कधी कळलं?"

"हात कसे केले ते दाखव. आठव ना मावशी."

सुमनमावशी म्हातारी बाई. जन्मभर शेजारी राहिली, पण आमची भाषा तिला आली नाही. ती बिचारी डोळे मिटून आठवायला लागली. आधी हनुवटीला बोट लावलं. ते माझं नाव होतं. मग छातीवर मूठ ठेवली. दुखतंय. मग हात पुढं करून छातीकडे ओढला.

"मग? हात पालथा केला का? असा? का नाही केला?"

मावशी माझ्याकडे बघत राहिली. "केला आसंल. नाय, नाय केला. काय म्हाईत गं बाई. माझं ध्यान तिच्या तोंडाकडं व्हतं."

ये म्हणाली का येऊ नको म्हणाली? मी धावत यावं म्हणून बोलवत होती, की घाबरू नको, काम सोडून येऊ नको म्हणत होती? माझी आई दोन्ही म्हणाली असती. शेवटचं कुठलं म्हणाली ते मला मरेपर्यंत कळणार नाही. मी ते मनगट मनात हजार वेळा वळवून बघते. तसंही खरं वाटतं, असंही.

आईचं जलदान, आमच्यातला मेल्यानंतरचा विधी, झाल्यावर मी गंगापूर रोडला गेले. मॅडमनी दार उघडलं. त्यांना ब्युरोकडून सगळं कळलं होतं. त्यांनी माझा हात धरला. खरंच वाईट वाटलं होतं त्यांना, ते खोटं नव्हतं.

"अगं, आई बोलत नाही हे आधी सांगायचं ना," त्या म्हणाल्या. "मला काय कल्पना? तू सांगितलं असतंस तर तुझ्यासाठी काहीतरी केलं असतं आपण."

मी उभी होते.

"आता असं कर. तुझा फोन जवळ ठेवत जा. मी काही म्हणणार नाही. फक्त तुझ्यासाठी हं."

कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं. आत रेखाचा फोन दिसत होता. तिच्या स्लीपरवर ठेवलेला.

"आणि रेखाचा?"

"तिचं काय? तिला काय एवढं काम असतं फोनचं?"

तिथं माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. इतके दिवस मी मनातल्या मनात मॅडमना उत्तर देत होते. माझी आई अशी आहे, तिला बोटं दिसत नाहीत, म्हणून घेतला हो. रात्रंदिवस जाब देत होते. आणि आता तो जाब त्यांना पटला होता. आई मेल्यावर पटला. माझं दुःख पुरेसं मोठं निघालं म्हणून माझा फोन कपाटातून सुटला. रेखाकडे असलं दुःख नव्हतं म्हणून तिचा आत राहिला.

मी म्हणाले, "मॅडम, माझी आई बोलती असती तर?"

"म्हणजे?"

"मला नुसती गाणी ऐकायला हवा असता तर? फोटो काढायला हवा असता तर? तर तो चपलांतच राहिला असता ना?"

त्यांनी माझा हात सोडला. चेहरा बदलला. मघाची माया कुठं गेली कळलं नाही. "तू आत्ता दुःखात आहेस," त्या म्हणाल्या. "नंतर बोलू."

"नंतर नाही. मी काम सोडतेय."

आजोबांच्या खोलीत गेले. त्यांची पाठ पुसून दिली, कूस बदलली, पावडर लावली. त्यांनी डाव्या हातानं बाही धरली आणि बराच वेळ सोडली नाही. त्यांना सोडताना जीव तुटला. मी आई सोडून त्यांना भरवत होते, पण तो त्यांचा गुन्हा नव्हता. हळूच त्यांची बोटं सोडवली आणि बाहेर पडले.

ब्युरोच्या बाई चिडल्या. "सगळ्या घरांत हाच नियम आहे. तुला आता कुठं लावू? निदान कारण तरी सांग त्यांना. तुझ्या आईचं सांगितलं की कुणीही ऐकेल."

"आईचं सांगायचं नाही."

"मग काय सांगू?"

"काही नाही. सांगा, बाई फोन जवळ ठेवते."

पुढं कितीतरी दिवस काम मिळालं नाही. नवऱ्यानं ओव्हरटाइम केला. तो एकदाही म्हणाला नाही की फ्रीज घेतला असता तर बरं झालं असतं. मीही त्याला विचारलं नाही. त्या प्रश्नाला आता उत्तर नाही. ज्या हातांसाठी घेतला ते हात गेले. महाग होता की स्वस्त, कुणी सांगावं?

वस्तीतल्या बायकांना मी एकेक करून भेटले. कुणी धुणीभांडी करते, कुणी पोळ्या, कुणी माझ्यासारखी पेशंट सांभाळते. कुणाचा फोन दाराबाहेर, कुणाचा मीटरच्या डब्यावर, कुणाचा वॉचमनकडे. प्रत्येकीला वाटत होतं, हे आपल्याच घरी आहे. काहीजणी माझ्याबरोबर ब्युरोत आल्या. काहीजणी घाबरल्या, आल्या नाहीत. त्यांना मी दोष देत नाही. ज्या गेलो त्या सांगून आलो की फोन आमच्या अंगावर राहील, नाहीतर पेशंटला दुसरं माणूस बघा.

परवा एका नव्या घरी मुलाखत झाली. म्हाताऱ्या बाई आहेत, मांडीचं हाड मोडलेलं. त्यांच्या सुनेनं माझ्या हातातला फोन बघितला. भुवया वर गेल्या.

"एवढा महागाचा? कशासाठी लागतो गं तुला?"

माझ्या घशाशी आई आली. सगळी आली, तिच्या हातांसकट. सांगितलं असतं तर त्या बाईचे डोळे भरले असते. मला लगेच कामावर घेतलं असतं, वर चहाही दिला असता.

मी आईला गिळलं. असल्या दारांत मी तिला पुन्हा उभी करणार नाही.

"आवडला म्हणून घेतला," मी म्हणाले. "काम सांगा."